पाऊस ओसरताना पचमढी : इंदूरहून पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

अनंत चतुर्दशीची झांक्यांची, म्हणजे चित्ररथांच्या मिरवणुकीची, रात्र सरली, की दरवर्षी नात्यातलं नाहीतर शेजारचं कुणी ना कुणी विचारतं, "काकू, आता पचमढीला जावं का? पाऊस असेल का अजून?" गेली बावीस वर्षं, जमेल तेव्हा, मी याच दिवसांत पचमढीला, सातपुड्यातल्या या थंड हवेच्या गावी, जाते. माझं उत्तर ठरलेलं असतं : पाऊस थांबू द्या, त्यावर आणखी तीन-चार दिवस जाऊ द्या, मग निघा.

ऐकणाऱ्याला हे पटत नाही. इंदूरकरांना धबधबा म्हणजे पातालपानी नाहीतर तिंछा, आणि तिथे पाऊस गेला की मजा गेली. पण पचमढीचा दगडच वेगळा आहे. आपला माळवा काळ्या पाषाणाचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्ह्याचा. त्यावरून पाणी बरंचसं वरच्यावर वाहून जातं आणि उघडीप पडली की धार बारीक होत जाते. पचमढीचा डोंगर वालुकाश्माचा, वीस कोटी वर्षांहून जुना. हा दगड पाणी पितो, पोटात ठेवतो आणि पाऊस गेल्यावर कितीतरी दिवस कपारींतून झिरपवत राहतो. वर सालाचं दाट जंगल, तेही पाणी धरून ठेवतं. म्हणून सप्टेंबरच्या शेवटी तिथे पाणी भरपूर असतं आणि त्यातला गढूळपणा गेलेला असतो. डोहाचा तळ दिसतो. ढग विरळ झाल्यामुळे दऱ्याही दिसतात. भर पावसात गेलात तर पांढरं धुकं आणि तांबूस पाणी, एवढंच पाहून परत याल.

दिवस कसा ठरवायचा

पचमढीला वर्षाला सुमारे २००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे इंदूरच्या जवळजवळ दुप्पट. नर्मदेच्या सपाट खोऱ्याच्या दक्षिणेला महादेव डोंगर एकदम उभा राहतो, त्याला ढग अडतात. मध्य प्रदेशातून मोसमी पाऊस साधारण सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत माघार घेतो. पण जाता जाता तो एखादा तडाखा देतो. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला आणि तो पश्चिमेकडे सरकू लागला, की दोन-तीन दिवसांत तो सातपुड्यावर येऊ शकतो. त्यामुळे हॉटेल ठरवण्याआधी हवामान खात्याचा अंदाज पाहा, आणि नुसता पचमढीचा नको, बंगालच्या उपसागरात काय चाललं आहे तेही पाहा. तिकडे काही शिजत असेल तर जाणं चार दिवस पुढे ढकला. मी एका वर्षी हट्टानं सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेले होते. तीन दिवस खोलीच्या खिडकीतून समोरचं झाडसुद्धा दिसलं नाही, आणि मुलं पत्ते खेळून कंटाळली.

माझ्या मते सगळ्यात चांगले दिवस पितृपक्षाचे. आपल्या घरांमधून त्या पंधरवड्यात सहलीला निघायची पद्धत नाही, हे मला माहीत आहे. आमच्याकडेही सासऱ्यांचं श्राद्ध आटोपल्यावरच आम्ही निघतो. पण त्या दिवसांत गर्दी नसते, खोल्या सहज मिळतात आणि पाऊस उतरणीला लागलेला असतो. ज्यांना ते चालत नाही त्यांनी नवरात्राचे मधले दिवस घ्यावेत. २ ऑक्टोबरला जोडून आलेली सुट्टी, दसरा आणि दिवाळीनंतरचा आठवडा मात्र टाळाच. तेव्हा बी फॉल धबधब्याच्या पायऱ्यांवर उभं राहायलाही जागा नसते. शक्य असेल तर सोमवार ते गुरुवार असा बेत करा.

इंदूरहून पोचायचं कसं

रेल्वेनं जायचं तर उतरायचं स्टेशन पिपरिया. तिथून पचमढी सुमारे पन्नास किलोमीटर. इंदूरहून बिलासपूरला जाणारी नर्मदा एक्स्प्रेस आणि जबलपूरची ओव्हरनाइट, दोन्ही पिपरियाला थांबतात. अडचण एकच : दोन्ही गाड्या तुम्हाला ऐन मध्यरात्रीनंतर तिथे उतरवतात. आरक्षण करताना सध्याची वेळ नीट पाहा आणि मोबाइलमध्ये गजर लावून झोपा, कारण गाडी पुढे निघून गेली तर पुन्हा मागे यावं लागतं. पिपरियाला उतरल्यावर लगेच टॅक्सी करून घाट चढायला जाऊ नका. पावसाच्या शेवटी घाटात दरड आलेली असू शकते, धुकं उतरतं आणि जनावरं रस्त्यावर बसलेली असतात. प्रतीक्षालयात उजाडेपर्यंत थांबा, बाहेर चहा मिळतो तो घ्या आणि पहिल्या उजेडात निघा. मटकुलीपासून घाट सुरू होतो. साग मागे पडून सालाची झाडं दिसू लागतात तेव्हा समजायचं, आपण वर आलो. हा घाट सकाळच्या उन्हात बघण्यासारखा असतो. रात्री काढला तर वाया गेला.

स्वतःच्या गाडीनं जायचं तर देवास, आष्टा, सीहोर, भोपाळ बायपास, ओबेदुल्लागंज, नर्मदापुरम, सोहागपूर, पिपरिया असा रस्ता. पावणेचारशे ते चारशे किलोमीटर. थांबत थांबत गेलात तर पूर्ण दिवस जातो, म्हणून पहाटे पाचला इंदूर सोडा. काही जण कन्नोद, खातेगाव, नेमावरवरून नर्मदा ओलांडून हरदामार्गे जातात. त्या वाटेवर नेमावरचं सिद्धेश्वराचं प्राचीन देऊळ पाहायला मिळतं. पण पहिल्यांदा जाणाऱ्याला मी भोपाळचाच रस्ता सांगेन, आणि त्याचं कारण भीमबेटका.

ओबेदुल्लागंजच्या पुढे मुख्य रस्त्यापासून थोडं आत भीमबेटकाचे शैलाश्रय आहेत. १९५७ मध्ये आपल्या उज्जैनच्या विष्णु श्रीधर वाकणकरांनी रेल्वेतून जाताना ते खडक पाहिले, त्यांचं मन तिथे अडकलं आणि ते परत येऊन ते डोंगर चढले. २००३ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. दोन तास काढा. पुढे पचमढीलाही वालुकाश्माच्या अशाच आश्रयांमध्ये रंगवलेली चित्रं आहेत. भीमबेटका आधी पाहिलं असेल तर तिथे नजर आपोआप भिंतीकडे वळते. मुलांना घेऊन जाणार असाल तर वाकणकरांची गोष्ट गाडीतच सांगून ठेवा.

बसही आहेत. इंदूरहून रात्रीची बस मिळते, नाहीतर भोपाळला जाऊन तिथून बस धरता येते. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी पिपरियापर्यंत रेल्वेच बरी.

पिपरियालाच टाकी भरून घ्या आणि रोख पैसे काढून ठेवा. वर मोबाइलचं नेटवर्क कुठे असतं, कुठे नसतं. जिप्सीवाला, चहावाला, भुट्टेवाली यांच्याशी रोखीनंच व्यवहार सोपा जातो.

किती दिवस आणि कुठे राहायचं

तीन रात्री. दोन रात्रींत जाणारे लोक सगळे 'पॉइंट' उरकतात आणि इंदूरला येऊन म्हणतात, "चांगलं आहे, पण चालावं फार लागतं." तिसरी रात्र आकाशासाठी राखून ठेवायची. सूर्यास्त पाहायच्या धूपगड शिखरावर एखाद्या संध्याकाळी ढग आले तर दुसरी संध्याकाळ हाताशी हवी.

राज्य पर्यटन महामंडळाची पचमढीत बरीच निवासस्थानं आहेत, त्यातली रॉक एंड मॅनर आणि चंपक बंगला जुन्या इंग्रजी बंगल्यांत आहेत. बाजाराजवळ साधी, स्वस्त हॉटेलंही भरपूर. खोली घेताना या दिवसांत एक गोष्ट तपासा : भिंतीला ओल किती आहे? पावसाळाभर बंद राहिलेल्या खोलीला कुबट वास येतो आणि दमेकऱ्याला रात्रभर त्रास होतो. पहिल्या मजल्यावरची, खिडकी पूर्वेला उघडणारी खोली मागा. गरम पाण्याची वेळही विचारून घ्या.

परवाना आणि जिप्सी

नवख्या माणसाचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, म्हणून नीट समजून घ्या. पचमढी सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या कुशीत आहे. बी फॉल, अप्सरा विहार, रजत प्रपात, धूपगड या जागा जंगलाच्या हद्दीत येतात. तिथे जायला वनखात्याचा परवाना काढावा लागतो आणि आपली मोटार चालत नाही. नोंदणी केलेली जिप्सी, म्हणजे उघडी जीप, घ्यावी लागते. परवाना बायसन लॉजच्या आवारात मिळतो. सकाळी खिडकी उघडायच्या वेळी जाऊन उभे राहा, ओळखपत्राची मूळ प्रत बरोबर ठेवा आणि आदल्या संध्याकाळीच हॉटेलवाल्याकडून जिप्सी ठरवून घ्या. दर ठरलेले असतात, पण दरवर्षी बदलतात, म्हणून खिडकीवर लावलेला फलक वाचा आणि मग बोला. दोनच माणसं असाल तर दुसऱ्या दोघा-चौघांबरोबर जिप्सी वाटून घेता येते. खिडकीपाशी असे लोक हमखास भेटतात.

खिडकीपाशी वाट पाहताना बायसन लॉज बघून घ्या. कॅप्टन जेम्स फॉर्सिथनं १८६२ मध्ये बांधलेला हा बंगला, आता तिथे संग्रहालय आहे. पचमढी फॉर्सिथनं शोधली असं गाइड सांगतात. कोरकू आणि गोंड लोक त्याच्या कितीतरी आधीपासून इथे राहत होते, आणि १८५७ नंतरच्या धामधुमीत भभूतसिंह या इथल्या सरदारानं याच दऱ्यांमधून इंग्रजांशी झुंज दिली. ऑक्टोबर १८५८ च्या अखेरीस तात्या टोप्यांनी नर्मदा ओलांडली आणि ते सातपुड्यात उतरले. पाऊस संपून नद्या उतरल्यावरचेच हे दिवस. मुलांना फॉर्सिथबरोबर ही नावंही सांगा, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

महादेव, गुप्त महादेव, जटाशंकर, पांडव गुंफा, हांडी खोह, प्रियदर्शिनी आणि राजेंद्रगिरी इथे आपल्या गाडीनं जाता येतं. जवळच्या जागांसाठी भाड्याची सायकलही मिळते, आणि पाऊस नसेल तर सायकलसारखं सुख नाही.

जुलै ते सप्टेंबर मध्य प्रदेशातल्या व्याघ्र प्रकल्पांचा गाभा पर्यटकांना बंद असतो. १ ऑक्टोबरला दारं उघडतात. वाघाचं जंगल पाहायचं मनात असेल तर त्यानंतरची तारीख घ्या, आणि बुधवारी दुपारची सफारी नसते हे लक्षात ठेवा. आणखी एक : श्रावणात नागपंचमीच्या आधी दहा-एक दिवस नागद्वारीची यात्रा भरते. विदर्भातून हजारो लोक येतात, डोंगरात मराठी बोलणं ऐकू येतं. ती वाट फक्त त्याच दिवसांपुरती उघडते. सप्टेंबरमध्ये कुणी "गुपचूप नागद्वारीला नेतो" म्हणालं तर सरळ नाही म्हणा.

बॅगेत काय असावं

इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, पचमढी हजार मीटरच्या थोडी वर. उंचीच्या हिशेबानं तीनेक अंशांचाच फरक पडायला हवा, पण रात्री ओल अंगात शिरते तेव्हा तो जास्त वाटतो. म्हणून एक पातळ स्वेटर आणि म्हाताऱ्यांना शाल. जाड कोट नको.

छत्रीपेक्षा रेनकोट. पायऱ्या उतरताना दोन्ही हात मोकळे हवेत. सगळ्यात महत्त्वाचं पादत्राण : खाचा असलेल्या रबरी तळाची, मागे पट्टा असलेली सँडल. ती भिजते, तशीच वाळते आणि ओल्या दगडावर धरून राहते. गुळगुळीत तळाचे बूट आणि साधी चप्पल या दोन्हींनी लोक पडतात. बूट नेलेच तर जुनी वर्तमानपत्रं बरोबर ठेवा. ओल्या बुटात रात्री कागदाचे बोळे कोंबले की सकाळपर्यंत ओल शोषली जाते. टॉर्च, डास पळवायचं मलम, मीठ-साखरेच्या पुड्या, गुडघ्याचा पट्टा, वाळलेल्या कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून.

खायला आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लसणाची शेव आणि परमल (कुरमुरे) नेतो. दशम्या दोन दिवस टिकतात. वरचं जेवण साधं असतं, डाळ-भात-पोळी-भाजी, आणि इंदूरच्या जिभेला ते फिकं वाटतं, तेव्हा शेव कामी येते. खाणं मात्र खोलीत किंवा गाडीत. हातात पिशवी घेऊन धबधब्याकडे निघालात तर माकडं ती ओढतात, आणि माणूस पायऱ्यांवर तोल घालवतो.

कोणत्या दिवशी काय

पोचलात त्या दिवशी फार काही करू नका. दुपारी झोप काढा आणि चार वाजता पांडव गुंफांकडे जा. टेकडीत कोरलेल्या पाच गुंफा, त्यांवरूनच 'पाच मढी' आणि मग पचमढी हे नाव पडलं असं सांगतात. समोरची बाग पावसानंतर हिरवीगार असते. तिथून अंधार पडायच्या आत जटाशंकर. भस्मासुराच्या भीतीनं महादेव इथे लपले अशी कथा आहे. खाली घळीत उतरत गेलात की दोन्ही बाजूंचे प्रचंड खडक डोक्यावर झुकलेले दिसतात, त्यांच्या अंगावरून पाणी ठिबकत असतं, आणि आत नैसर्गिक शिवलिंगं. पाऊस थांबून चार दिवस झाले तरी हा दगड ठिबकत असतो. वर जे वालुकाश्माचं सांगितलं ते इथे डोळ्यांनी दिसतं. कपारींमधले नेचे नीट पाहा. वनस्पतींचे अभ्यासक पचमढीला नेच्यांसाठी येतात. जंबुद्वीप नावाचा ओढा इथूनच निघतो.

दुसरा दिवस पाण्याचा. सकाळी जिप्सीनं आधी बी फॉल. खरं नाव जमुना प्रपात. उंची सुमारे पस्तीस मीटर. पाणी पडतानाचा आवाज मधमाश्यांसारखा, म्हणून 'बी'. वरच्या काठावरून पाहिलंत तरी चालतं, पण खाली पायऱ्या उतरून धारेसमोर उभं राहिल्याशिवाय तो कळत नाही. पायऱ्या बऱ्याच आहेत. उतरताना कुणाला काही वाटत नाही. चढताना पन्नाशीच्या पुढच्यांना दहा वेळा बसावं लागतं. सकाळी लवकर गेलात तर चढताना ऊन नसतं. या पाण्यात साबण, शाम्पू लावून अंघोळ करणारे लोक मी पाहिले आहेत आणि मला फार वाईट वाटलं. या ओढ्यावर पचमढी गावाची तहान भागते. शिवाय पचमढीचं बहुतेक पाणी देनवा नदीत उतरतं, देनवा तव्याला मिळते, तवा नर्मदापुरमजवळ बांद्राभानला नर्मदेला. आणि १९७८ पासून आपण इंदूरला नर्मदेचंच पाणी पितो. दूरचा का होईना, आपला नळ इथून सुरू होतो.

बी फॉलनंतर परत येऊन जेवण करा, थोडं पडा, मग अप्सरा विहार. गाडी थांबते तिथून जंगलातून चालत जावं लागतं. वाट सोपी आहे. बाजूला जांभळा-गुलाबी तेरडा फुललेला असतो. अप्सरा विहार म्हणजे एक लहान धबधबा आणि त्याखाली उथळ डोह. लहान मुलांना पाय बुडवायला ही जागा सगळ्यात बरी, ओढा शांत असेल तरच. हेच पाणी पुढे जाऊन कड्यावरून कोसळतं, तो रजत प्रपात, सुमारे साडेतीनशे फूट. तो पाहायचा तो समोरच्या कठड्यावरून. उन्हाचा तिरका कवडसा पडला की धार खरोखर चांदीच्या तारेसारखी दिसते. ओढ्याच्या पात्रातून खडकांवर उड्या मारत कड्याच्या तोंडापर्यंत जाण्याचा मोह तरुण मुलांना होतो. तिथे पायाखालचा दगड शेवाळलेला आणि पुढे सरळ दरी. मुलांना हात धरून मागे आणा, ते रागावले तरी चालेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी महादेव. मोठ्या महादेवाची गुंफा लांब आणि आत अंधारी, छतातून अखंड पाणी गळतं, त्याचं कुंड झालं आहे. जवळच गुप्त महादेव. दोन खडकांमधली चीर इतकी अरुंद, की आडवं होऊनच सरकावं लागतं आणि आत एका वेळी सात-आठ माणसंच मावतात. माझ्या सासूबाई पंच्याहत्तराव्या वर्षी आत गेल्या, पण मध्येच त्यांना घुसमटल्यासारखं झालं. बंद जागेत जीव घाबरणाऱ्यांनी, खूप जाड असणाऱ्यांनी बाहेरूनच नमस्कार करावा. चौरागड इथूनच चढतात. वर जायला सुमारे १३०० पायऱ्या, आणि शिखरावर नवसाच्या त्रिशूळांचे ढीग. महाशिवरात्रीला लोक खांद्यावर भलेमोठे त्रिशूळ घेऊन चढतात. पाय धड असतील आणि पायऱ्या कोरड्या असतील तरच जा, आणि सकाळी सातच्या आत चढायला लागा.

येताना हांडी खोह आणि प्रियदर्शिनी. दोन्हीकडे चालणं नाही. हांडी खोहच्या कठड्यावरून खाली पाहिलं की कडे सरळ तुटलेले दिसतात आणि खालून पाण्याचा आवाज तेवढा येतो. डाव्या-उजव्या कड्यांवर मधाची पोळी लटकलेली असतात. अत्तर, उदबत्ती, सिगारेट इथे नकोच.

आता धूपगड. १३५० मीटर, सातपुड्याचं आणि मध्य प्रदेशाचंही सगळ्यात उंच शिखर. दुसऱ्या किंवा तिसऱ्या, कोणत्या संध्याकाळी जायचं ते आधी ठरवू नका. दुपारी तीनच्या सुमारास पश्चिमेकडचं आकाश पाहा. डोंगराच्या कडा धारदार दिसत असतील तर त्याच संध्याकाळी जा. पांढुरका पडदा असेल तर उद्यावर टाका. सुरुवातीच्या ऑक्टोबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पाचपर्यंत वर पोचा. गर्दी पायऱ्यांच्या मधोमध असते, थोडं बाजूला सरकून बसा. सूर्य बुडाल्यावर लोक लगेच जिप्सीकडे धावतात. तुम्ही ड्रायव्हरला विनंती करून दहा मिनिटं थांबा. दऱ्यांमध्ये साठलेलं धुकं तेव्हा वर येऊ लागतं, एकामागून एक डोंगराची रांग निळी, मग करडी होत जाते. याच दहा मिनिटांसाठी मी पुन्हा पुन्हा जाते.

राजेंद्रगिरी, तलाव, चर्च या जागा वेळ उरला तर. नाही पाहिल्या तरी हळहळ नको.

ओल्या दगडावर चालताना

पावसाच्या शेवटी कोरडा दिसणारा दगडही फसवतो. वालुकाश्मावर हिरवट-काळा थर असेल तिथे पाय ठेवू नका, मग तो कितीही सुका दिसो. खडबडीत, वाळू सुटणाऱ्या जागेवर पाऊल पक्कं बसतं. पावलं लहान, आणि आधी टाच न टेकता पूर्ण तळवा टेकवा. म्हाताऱ्यांच्या हातात काठी द्या.

पाण्यात उतरलात तर पाण्याकडे लक्ष ठेवा. पातालपानीला २०११ मध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात सहलीला आलेली माणसं वाहून गेली, ते इंदूरकर विसरलेले नाहीत. वर डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो. पाणी एकदम गढूळ झालं, काड्या-पानं वाहून येऊ लागली किंवा आवाज जड झाला, तर चपला-मोबाइल तिथेच सोडून आधी वर या. डोहात उडी मारू नका. पावसाळ्यात तळाशी नवे दगड येऊन बसतात, आणि गेल्या वर्षीची खोली या वर्षी नसते. वीज चमकू लागली तर धूपगड, प्रियदर्शिनी असल्या उघड्या जागा सोडून गाडीत बसा.

कचऱ्यासाठी घरूनच दोन पिशव्या न्या, ओल्याची वेगळी, सुक्याची वेगळी. घरी रोज करतोच आपण. भरलेल्या पिशव्या गावात परत आणून टाका, जंगलातल्या डब्यात नको, कारण तो डबा माकडं रात्रीतून उलटा करतात.

परत येताना

बाजारातून चारोळी आणि जंगलाचा मध घ्या. कोदो-कुटकी ही भरडधान्यं मिळाली तर तीही; भगरीसारखी शिजवून छान लागते.

१ ऑक्टोबरनंतर गेला असाल तर उतरताना सोहागपूरहून मढईला वळा. देनवेच्या फुगवट्यातून नावेनं पलीकडे जायचं आणि तिथून जिप्सीची सफारी. जागा आधी ऑनलाइन घ्यावी लागते आणि सुट्टीच्या दिवसांत त्या लवकर संपतात. सुरुवातीच्या आठवड्यात काही वाटा चिखलामुळे बंद असतात, गवतही उंच असतं, त्यामुळे वाघ दिसेलच असं मनात धरून जाऊ नका. रानगवे, सांबर, पाणपक्षी, आणि नशीब असेल तर झाडावर शेकरू दिसेल.

गाडीनं परतणाऱ्यांनी पचमढी सकाळी सातला सोडावी. दहा-साडेदहापर्यंत नर्मदापुरमला पोचाल, तिथे सेठानी घाटावर अर्धा तास बसा, पाय धुवा. नदी भरलेली असते, शेवटच्या पायऱ्यांवर चिखल असतो, तेव्हा वरच्याच पायरीवर थांबा. जेवण भोपाळ बायपासला, आणि आष्ट्याच्या पुढे चहा. देवास नाक्याची संध्याकाळची गर्दी टाळायची असेल तर चारच्या आत तिथून पुढे निघा. घरी आल्यावर सँडल, रेनकोट आणि बॅगा उन्हात पालथ्या घालून ठेवा. डोंगराची ओल कपाटात गेली तर दिवाळीपर्यंत वास जात नाही.